प्रेमकथेला गुण किती द्यावेत?

(गतवर्षीच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)

अध्यक्षमहाराज, कार्यकारिणीचे सभासद, माता-भगिनींनो, मित्रहो, आणि मराठी समजो वा न समजो, दरवर्षी आपल्या आरतीला, व त्याहूनही नेमाने मोदकांना हजर राहणारे माझे बंगाली, तेलुगू आणि छत्तीसगढी सहकारी,

सेक्रेटरींनी मला दोन विषय सुचवले होते. एक 'रेल्वे अपघात : कारणे व उपाय' आणि दुसरा 'ताणतणावाचे व्यवस्थापन'. पहिल्यावर साहेबांच्या देखत बोललो असतो तर दुसऱ्याची गरज मलाच पडली असती. म्हणून मी तिसराच विषय मागून घेतला. प्रेमकथा वाचून तिच्यावर अभिप्राय कसा द्यावा, गुण कसे द्यावेत, हा तो विषय.

तुम्ही म्हणाल, याचा काय अधिकार? माझे शिक्षण सिव्हिलचा डिप्लोमा. नोकरी पर्मनंट वे मध्ये, म्हणजे रूळ, स्लीपर आणि गिट्टी. साहित्याशी संबंध एवढाच, की आपल्या मंडळाच्या वाचनालयाच्या पुस्तक समितीवर मी चौथा सभासद आहे. चौथा म्हणजे कपाट सरकवायला लागतो तो. पण यंदा कपाट सरकवतानाच हा विषय निघाला. हॉलची दुरुस्ती व्हायची आहे, चार कपाटांच्या जागी तीनच बसणार. एका कपाटाची पुस्तके काढावी लागतील. समितीने यादी केली ती अभिप्राय-वहीवरून. आपण प्रत्येक पुस्तकाला पाचपैकी गुण देतो आणि दोन ओळी लिहितो, ती वही. कमी गुणांची पुस्तके आधी रद्दीत, असा सरळ हिशेब.

यादी झाल्यावर मी ती पुस्तके एकेक करून उघडली. यादीत बहुतेक सगळ्या प्रेमकथा होत्या. गुण एक, फार तर दोन. शेरे असे : 'वेळ जाण्यास बरे', 'शेवट अपेक्षित', 'प्रवासात वाचण्याजोगे'. आणि मागच्या पानावर जी तारखांची चिठ्ठी असते, ती या पुस्तकांत दुसऱ्यांदा, काहींत तिसऱ्यांदा चिकटवलेली. उलट चार आणि पाच गुणांच्या कित्येक ग्रंथांची चिठ्ठी कोरी करकरीत. मी रेल्वेचा माणूस. ज्या लाइनवर सर्वात जास्त गाड्या धावतात ती लाइन निकामी, असा रिपोर्ट माझ्या हाताखालच्या कोणी आणला तर मी त्याला आधी मोजमाप कसे घेतलेस ते विचारीन. तेवढेच आज विचारायचे आहे.

'प्रवासात वाचण्याजोगे' हा शेरा मला विशेष लागला. कारण हलकी कादंबरी आणि रेल्वे यांचे नाते फार जुने आहे. लंडनच्या यूस्टन स्टेशनवर डब्ल्यू. एच. स्मिथ यांनी पुस्तकांचा स्टॉल टाकला १८४८ साली. आपल्याकडे अलाहाबादेत ए. एच. व्हीलर कंपनी १८७७ मध्ये सुरू झाली, आणि उत्तरेकडच्या कितीतरी पिढ्यांनी पहिली कादंबरी फलाटावर विकत घेतली. स्टॉल आला, खप वाढला, आणि पाठोपाठ समीक्षकांची नाराजीही आली. १८६३ मध्ये हेन्री मॅन्सेल या विद्वान गृहस्थांनी 'क्वार्टर्ली रिव्ह्यू' मध्ये एकदम चोवीस कादंबऱ्या घेऊन एक लांबलचक लेख लिहिला. प्रेम, लपवलेली लग्ने, घराण्यातली गुपिते, असा त्या पुस्तकांचा मालमसाला. मॅन्सेल यांची तक्रार अशी की ही पुस्तके वाचकाच्या बुद्धीशी बोलत नाहीत, त्याच्या नसा झणझणवतात. ती बाजारासाठी तयार होतात. आणि रेल्वेचा स्टॉल हा या रोगाचा एक मोठा अड्डा.

हे दीडशे वर्षांपूर्वीचे झाले म्हणून सोडून द्याल, तर २०१७ मधले सांगतो. 'न्यूयॉर्क टाइम्स' ने रॉबर्ट गॉटलिब या अत्यंत नामांकित, वयोवृद्ध संपादकांकडे प्रेमकथांचा एक गठ्ठा दिला. त्यांनी बऱ्याच पुस्तकांचा एकत्र परामर्श घेतला. अमेरिकेत त्यावर वाचक आणि लेखिका भडकल्या. म्हणणे एवढेच होते की हे वरून खाली बघत लिहिले आहे. एरवी एका कादंबरीला एक लेख मिळतो, इथे घाऊक. मॅन्सेल यांचा चोवीसचा गठ्ठा आणि हा गठ्ठा, दोहोंत पद्धत तीच. पुस्तकाचे परीक्षण बाजूला राहते आणि वाचणारीचे सुरू होते. ती कोण, तिला हे का आवडते, तिचे काय चुकते आहे. आपल्या वहीतल्या 'वेळ जाण्यास बरे' या शेऱ्यातसुद्धा पुस्तकाबद्दल एक अक्षर नाही, नीट पाहा. ज्या वहिनींचा दुपारचा वेळ गेला, त्यांच्याबद्दल आहे.

आता मराठीकडे येतो. मराठी प्रेमकथेची सुरुवातच मुळी अडचणीतून झाली. नारो सदाशिव रिसबूड यांनी १८६० च्या दशकात 'मंजुघोषा' ही कादंबरी लिहिली. तिच्या प्रस्तावनेत त्यांनी जे मांडले त्याचा भावार्थ असा : आमच्यात लग्ने ज्या रीतीने होतात त्यामुळे आमच्या आयुष्यात मनोरंजक असे काही घडतच नाही, रोजचे लिहिले तर रस येणार नाही, म्हणून अद्भुताकडे वळावे लागते. मला ही प्रस्तावना फार आवडते. लेखक साइटची अडचण सांगतो आहे! आठव्या-दहाव्या वर्षी मुलीचे लग्न उरकले जात होते. मग नायक-नायिका भेटणार कधी, एकमेकांना पारखणार कधी आणि रुसणार कधी? म्हणून राजकन्या, म्हणून जंगले, म्हणून योगायोग. 'अवास्तव' असा शिक्का मारून ही पुस्तके बाजूला ठेवणाऱ्याने ही अडचण लक्षात घेतली पाहिजे. जमीन नव्हती, म्हणून माणसाने पूल बांधला.

जमीन आली ती मुली शिकू लागल्यावर. ना. सी. फडके यांच्या 'जादूगार' (१९२८) आणि 'दौलत' (१९२९) या कादंबऱ्यांच्या वेळी शिकलेली, मोकळेपणी बोलणारी तरुणी निदान पुण्या-मुंबईत दिसू लागली होती. फडके तुफान खपले. त्यांनी 'प्रतिभासाधन' (१९३१) लिहून गोष्ट कशी रचावी, गुंतागुंत कशी करावी, उत्कंठा कशी टिकवावी हेही उघड सांगितले. आणि तिथेच ते फसले. कारण तेव्हापासून समीक्षकांच्या हाती एक शब्द आला : 'तंत्र'. फडके म्हणजे नुसते तंत्र. खांडेकर म्हणजे जीवन. कलेसाठी कला की जीवनासाठी कला, हा वाद आपल्या वडिलांच्या पिढीने चहाबरोबर घेतला आहे. मी खांडेकरांचाही वाचक आहे, 'ययाति' ला १९७४ चे ज्ञानपीठ मिळाले ते योग्यच झाले. पण 'तांत्रिकदृष्ट्या सफाईदार' हा शब्दप्रयोग कोणी शिवीसारखा वापरावा, हे माझ्यासारख्या डिप्लोमावाल्याला आजतागायत पचलेले नाही. आमच्याकडे असे कोणी म्हणाले तर आम्ही पेढे वाटतो.

फडक्यांनंतर शकुंतला गोगटे, कुसुम अभ्यंकर, स्नेहलता दसनूरकर, शैलजा राजे अशी नावे आली. गावोगावच्या सर्क्युलेटिंग लायब्ररीने त्यांना घरोघर पोचवले. आपल्या यादीत सर्वात जास्त पुस्तके याच फळीतली आहेत. मोठ्या समीक्षकांनी यांच्यावर लिहिलेले मी शोधले. फारच थोडे सापडले. वाईट गुण पडायलासुद्धा पेपर तपासावा लागतो!

आणि ज्यांनी पेपर खरोखर, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत तपासला, त्यांची गोष्ट आता सांगतो. ते समीक्षक नव्हते, न्यायाधीश होते. १९६२ च्या 'रंभा' मासिकाच्या दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकर यांची 'श्यामा' ही कथा आली. अश्लीलतेच्या कलमाखाली, म्हणजे त्या वेळच्या दंडविधानाच्या २९२ खाली, फिर्याद झाली. खालच्या कोर्टाने लेखकाला सोडले. हायकोर्टाने दोषी धरले. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेले आणि १९६९ मध्ये तिथे काकोडकर सुटले.

तो निकाल जरूर वाचा. मला तो प्रेमकथेचे परीक्षण कसे करावे याचा चांगला नमुना वाटतो. पहिली गोष्ट, कोर्टाने सांगितले की आक्षेपार्ह उतारे सुटे काढून बघायचे नाहीत, ते संपूर्ण कथेच्या संदर्भात बघायचे. दुसरी, साहित्यिकांची साक्ष उपयोगी पडू शकते, पण निर्णय ज्याने द्यायचा त्याने स्वतः वाचलेच पाहिजे. तिसरी, समाजाच्या कल्पना बदलत असतात हे लक्षात घ्यायचे. कामभावनेचा नुसता उल्लेख आला की पुस्तक तरुणांसाठी वर्ज्य, असे ठरवले तर त्यांच्या हाती धार्मिक पुस्तकांखेरीज काही उरणार नाही. आणि सर्वात महत्त्वाचे पुढे आहे. ही कथा फार उच्च दर्जाची नसेल, ती अपरिपक्व असेल, काही ठिकाणी तिची अभिरुची वाईटही असेल, हे कोर्टाने मोकळेपणी म्हटले. पण आपल्यापुढचा प्रश्न तो नाही. वाचणारा बिघडेल असे तिच्यात काही आहे का, हा आहे, आणि तसे काही नाही. म्हणजे कथा सामान्य असू शकते हे मान्य, आणि तरीही ती निर्दोष. दोन वेगळे प्रश्न, दोन वेगळी उत्तरे. आपण वहीत या दोहोंची खिचडी करतो. कथा 'जरा तशी' वाटली की भाषेचेही गुण कापतो, रचनेचेही कापतो, आणि वर 'सुमार' लिहून मोकळे होतो.

एकाच आकड्यात चार गोष्टी कोंबल्या की काय होते, हे मला माझ्या धंद्यातून चांगले ठाऊक आहे. मी नोकरीला लागलो तेव्हा रुळांच्या एकेका किलोमीटरला एक गुण असायचा, टीजीआय. मोजणारी गाडी रुळावरून धावायची आणि चार गोष्टी टिपायची : उंचसखलपणा, पीळ, दोन रुळांतले अंतर, आणि रूळ बाजूला किती वाकला आहे ती अलाइनमेंट. मग हिशेब : उंचसखलपणाची दुप्पट, पीळ आणि अंतर एकेकदा, अलाइनमेंटची सहापट, सगळ्याची बेरीज भागिले दहा. ऐंशीच्या वर आला तर हात लावायची गरज नाही. छत्तीसच्या खाली गेला तर तातडीचे काम. छान पद्धत. पण अनुभवी मेट कधीही नुसता आकडा ऐकून कामाला निघत नसे. तो विचारायचा, 'साहेब, नंबर छोडिए, खराबी किस चीज में है?' कारण सहापट वजन कशाला द्यायचे हे आधी कोणीतरी ठरवलेले असते, आणि आकड्यात ते दिसत नाही.

आता पुस्तकांना दिलेले तारे मोबाइलवर सगळीकडे दिसतात. प्रत्येक ताऱ्यामागे असे एक छुपे वजन असते. आपल्या समितीचे छुपे वजन मी शोधून काढले आहे. दुःखाला सहापट! शरदबाबूंचा 'देवदास' (१९१७) आपल्या कपाटात मराठीत आहे, त्याला पाच. आमचे बॅनर्जीदादा समोर बसले आहेत म्हणून घाबरून नाही, मनापासून सांगतो, ते पाच योग्यच आहेत. पण देवदास दारू सोडून पारोच्या दारात वेळेवर पोचला असता तर आपण दोन दिले असते आणि शेरा मारला असता, 'शेवट अपेक्षित'. नायक मेला की एक तारा जास्त, नायिकाही गेली तर दोन. लग्न झाले की मात्र टाइमपास.

शेवट अपेक्षित असणे हा प्रेमकथेचा दोष नाही, तो तिचा करार आहे. अमेरिकेतल्या प्रेमकथा-लेखकांच्या संघटनेने व्याख्याच तशी केली होती : मध्यवर्ती प्रेमकहाणी, आणि समाधान देणारा, आशादायक शेवट. गाडीच्या पाटीवर शेवटचे स्टेशन लिहिलेले असते म्हणून प्रवासाला मजा आली नाही, अशी तक्रार मी तरी अजून कोणाची ऐकलेली नाही. वाचणारीला पोचणार हे माहीत असते. 'आता हे कसे जमणार?' ही धाकधूक तरीही तिला वाटली, तर लेखिकेने काम केले.

ही धाकधूक कशावर अवलंबून असते, तर अडथळ्यावर. परीक्षकाने सर्वात जास्त वेळ इथे घालवावा असे माझे मत आहे. दोघांच्या मध्ये नेमके काय उभे आहे? ते खरे आहे का? पाच मिनिटे समोरासमोर बोलले असते तर मिटला असता असा गैरसमज जर अडीचशे पाने ताणला असेल, तर खुशाल गुण कापा. पण कापताना काळ बघा. १९६५ च्या कादंबरीत चिठ्ठी भलत्याच्या हाती पडली, तर तो खरा अडथळा आहे. तेव्हा गल्लीत एक फोन, तोही वाण्याकडे. आजच्या कथेत तसे झाले तर मी विचारीन, बाई, तुझा मोबाइल कुठे आहे? जात, पत्रिका, मोठ्या बहिणीचे राहिलेले लग्न, वडिलांचे कर्ज, बदली, हे अडथळे मराठी लेखिकांनी फार बारकाईने वापरले आहेत. आपल्यासारख्या दर चार-पाच वर्षांनी सामान बांधणाऱ्यांना बदलीचा अडथळा समजावून सांगायला नको.

दुसरी गोष्ट बघायची ती नायकाची वागणूक. जुन्या पुस्तकांत, मराठी असोत की मिल्स अँड बून, नायक नायिकेच्या अंगावर ओरडतो, मनगट पिरगाळतो, आणि ते प्रेमाचे लक्षण म्हणून येते. हे परीक्षकाने लिहिलेच पाहिजे, स्पष्ट. माझी मुलगी सतराची आहे, तिने ते पुस्तक उघडण्याआधी मला हे माहीत असायला हवे. पण आमच्याकडे रूळ नाजूक असला तर आम्ही कॉशन ऑर्डर देतो. ड्रायव्हर तेवढ्या तुकड्यात वेग कमी करतो. लाइन उखडत नाही.

पुस्तक कोणासाठी चांगले, हे सांगण्याची कला मी एका बाईंच्या गोष्टीतून शिकलो. जॅनिस रॅडवे या अमेरिकन प्राध्यापिकेचा 'रीडिंग द रोमान्स' हा ग्रंथ १९८४ चा. तिने एका गावातल्या प्रेमकथा वाचणाऱ्या बायकांचा अभ्यास केला. गावाचे खरे नाव दिलेले नाही. त्या सगळ्यांचा आधार होता पुस्तकाच्या दुकानात काम करणारी एक बाई. रॅडवे तिला डॉट म्हणते. डॉट स्वतः दर महिन्याला ढीगभर प्रेमकथा वाचायची, त्यांवर छोटे पत्रक काढायची, गुण द्यायची. गिऱ्हाइकाला ती ओळखायची, हिला कोणते चालेल आणि तिला कोणते नाही ते सांगायची. पुढे प्रकाशकही तिचे मत विचारू लागले. त्या बायकांपैकी कित्येक विकत घेण्याआधी शेवटची पाने वाचून बघत, शेवट गोड आहे ना म्हणून. परीक्षकाने हसण्याची ही गोष्ट नाही. दिवसभर घरच्यांचे करून थकलेल्या बाईला तासभर स्वतःचा हवा असतो, आणि तो वाया जाऊ नये एवढीच तिची मागणी. रॅडवे स्वतः या पुस्तकांवर पुष्कळ टीका करते, पण आधी ती वाचणाऱ्यांचे ऐकून घेते.

तिकडेच 'रोमँटिक टाइम्स' नावाचे मासिक १९८१ मध्ये निघाले. २०१८ मध्ये त्या कंपनीने गाशा गुंडाळला. तिथे पुस्तकाचे तारे वेगळे असत आणि शृंगार किती तिखट आहे याची खूण वेगळी असे. खानावळीच्या पाटीसारखे. जेवण चांगले आहे की नाही हे एक, आणि तिखट किती हे दुसरे. किती सोपे!

तर कार्यकारिणीला माझी सूचना अशी आहे. ही यादी आत्ता रद्दीवाल्याकडे जाऊ नये. वहीत एका आकड्याच्या जागी रकाने पाडावेत. अडथळा खरा वाटला का. दोघांचे बोलणे माणसांसारखे आहे का. शेवट ओढूनताणून आणला आहे की तिथवर चालत गेला. सावधगिरीचा इशारा काही असेल तर तो. आणि कोणाला आवडेल. अभिप्राय लिहिणाऱ्याने पुस्तक पूर्ण वाचल्याची सही करावी, आम्ही रजिस्टरवर करतो तशी, तारीख घालून. मी स्वतः यादीतली सात पुस्तके या रीतीने पुन्हा वाचली. तिघांचे गुण वाढले, दोन होते तिथेच राहिले, आणि दोन इतकी वाईट निघाली की ती मी स्वतः उचलून रद्दीत टाकायला तयार आहे. त्यातल्या एकीत नायिकेची स्मृती तीनदा जाते. शेजारच्या कुलकर्णी काकूंचे म्हणणे आहे की दोनदा चालले असते.

एका कपाटाची पुस्तके काढायचीच आहेत, त्याला इलाज नाही. फक्त ती निवडण्यात ज्यांच्या तारखांनी चिठ्ठ्या भरल्या आहेत त्यांचा हात असावा. समितीवर आम्ही चौघेही पुरुष आहोत, हेही मी यादी बघताना मोजले. नवी वही मंडपात, प्रसादाच्या टेबलाच्या डाव्या बाजूला ठेवली आहे. अनंत चतुर्दशीपर्यंत तिथेच राहील. पेन दोरीने बांधले आहे, कृपया सोडवून नेऊ नये; आधीची दोन गेली.

आरतीची वेळ झाली.